कवडीचुंबक वजिराची फुलबाग

इस्तंबुलात टाइल्स बघायच्या म्हटलं की टूरवाले आपल्याला थेट ब्लू मॉस्कसमोर नेऊन सोडतात. सोडू देत बापडे. सहा मिनार, भलामोठा घुमट, फोटो झकास येतात. पण तिथल्या सगळ्यात देखण्या टाइल्स वरच्या सज्जात आहेत आणि सज्जात पर्यटकांना सहसा जाऊ देत नाहीत. मग खालून मान मोडेस्तोवर वर बघायचं आणि ‘छान निळं निळं होतं’ एवढं म्हणून बाहेर पडायचं.

ज्यांना टाइल नाकासमोर हवी आहे, एकेक पाकळी निरखायची आहे, त्यांनी गलाता पुलाकडून तहताकालेच्या बाजारात शिरावं आणि रुस्तम पाशाची मशीद शोधून काढावी. ही मशीद सोळाव्या शतकातली आहे. बांधली आहे उस्मानी साम्राज्याचा मुख्य वास्तुविशारद सिनान यानं. तिच्या भिंतींवर जिकडे तिकडे फुलंच फुलं आहेत. आणि ज्याच्या नावानं ती उभी आहे तो गृहस्थ पैशाच्या बाबतीत असा चिक्कू, की विचारू नका. त्याचे किस्से पुढे येतीलच. आधी दार सापडू दे.

दार कुठे आहे?

हसिरजिलार म्हणजे चटया विणणाऱ्यांची गल्ली. आता तिथं चटयांपेक्षा सुकामेवा, मसाले, लाकडी पळ्या, चाळण्या, दोरखंड आणि प्लॅस्टिकचे डबे जास्त. हमाल पाठीवर खोकी घेऊन अंगावर येतात, दुकानदार हाका मारतात आणि या गलबल्यात मान वर करायला कुणाला सवड नसते. मशीद मात्र वरच आहे. रस्त्यावरून ती दिसतच नाही. दोन दुकानांच्या मधे एक कमान, तिच्या आत अरुंद, वळणाचा, अंधारा दगडी जिना. तो चढलं की एकदम उघडं अंगण, ओवरी आणि पुढ्यात टाइल्सनी मढवलेली भिंत.

वर का? कारण खाली दुकानं आहेत, आणि ती पहिल्यापासूनच आहेत. दाट वस्तीच्या बाजारात जागा मिळणं मुश्कील, म्हणून सिनाननं खाली कमानदार गाळे काढले आणि त्यांच्या डोक्यावर मशीद बसवली. गाळ्यांचं भाडं मशिदीच्या खर्चाला. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या देवस्थानाचे रस्त्याकडचे गाळे आठवा, हिशेब तोच. साडेचारशेहून जास्त वर्षं झाली, दुकानं अजून जोरात चालू आहेत.

ऊ सापडली आणि नशीब उघडलं

रुस्तम पाशा मूळचा बाल्कनमधला. लहानपणी सुलतानाच्या चाकरीत भरती झाला, शिकला, वर चढला आणि दियारबकिरचा सुभेदार झाला. सुलतान सुलेमान आणि त्याची बायको हुर्रेम यांनी त्याला जावई करून घ्यायचं ठरवलं. मुलगी म्हणजे मिहरिमाह, सुलतानाची लाडकी लेक. यामुळे दरबारात अनेकांच्या पोटात दुखलं. विरोधकांनी आवई उठवली की रुस्तमला महारोग आहे. आता करायचं काय? सुलतानानं एक वैद्य दियारबकिरला पाठवला. वैद्यानं तपासलं आणि रुस्तमच्या कपड्यांत त्याला एक ऊ सापडली. त्या काळी समज असा की महारोग्याच्या अंगावर ऊ टिकत नाही. झालं! ऊ सापडली म्हणजे जावई ठणठणीत. १५३९ मध्ये थाटात लग्न लागलं.

पुढे तो दोनदा साम्राज्याचा मुख्य वजीर झाला, १५४४ ते १५५३ आणि नंतर १५५५ पासून १५६१ मध्ये मरेपर्यंत. पण लोकांनी त्याला चिकटवलेलं टोपणनाव शेवटपर्यंत सुटलं नाही: ‘भाग्याची ऊ’. जगाच्या इतिहासात एवढ्या मोठ्या पदाची वाट एवढ्या छोट्या जिवानं मोकळी केल्याचं दुसरं उदाहरण निदान मला तरी माहीत नाही.

गुलाब आले विकायला!

बुसबेक नावाचा एक ऑस्ट्रियाचा वकील १५५५ च्या सुरुवातीला इस्तंबुलात आला आणि काही वर्षं तिथं राहिला. त्याची पत्रं म्हणजे त्या दरबाराच्या खबरांची खाण आहे. रुस्तमबद्दल तो लिहितो की माणूस बुद्धीनं तल्लख, दूरदृष्टीचा. पण पैशाला चटावलेला. सुलतानाच्या बागेत उगवणारी भाजी, गुलाब आणि व्हायोलेटची फुलंही त्यानं बाजारात विकायला काढली. युद्धकैद्यांचं शिरस्त्राण वेगळं विकायचं, चिलखत वेगळं, घोडा वेगळा. अशा थेंबे थेंबे तळे साचे पद्धतीनं त्यानं खजिना एवढा भरला, की राजवाड्यातल्या एका दालनावर ‘रुस्तमच्या दक्षतेनं मिळवलेला पैसा’ अशी पाटी लागली होती, असंही बुसबेक सांगतो.

सुलतानाचा खजिना भरताना स्वतःचा रिकामा राहिला असं समजू नका. त्याच्या मृत्यूनंतरच्या मालमत्तेची यादी इतिवृत्तांतून येते: ८१५ शेतमळे, ४७६ पाणचक्क्या, १७०० गुलाम, २९०० घोडे, ११०६ उंट. आणि यादी इथं संपत नाही. सरकारी पदं पैसे घेऊन देण्याची रीत त्याच्याच काळात बोकाळली, असा ठपका नंतरच्या उस्मानी लेखकांनी त्याच्यावर ठेवला आहे.

आता गंमत बघा. सुलतानाच्या बागेतली फुलं विकून खाणाऱ्या या माणसाच्या मशिदीत भिंती, खांब, मिहराब (मक्केच्या दिशेचा कोनाडा), ओवरी, जिथं नजर जाईल तिथं फुलंच फुलं आहेत, आणि तीही त्या काळच्या सगळ्यात महागड्या कारागिरीची. हे कसं जमलं? एक साधं उत्तर आहे. मशीद उभी राहिली तेव्हा रुस्तम हयात नव्हता. तो १५६१ मध्ये वारला आणि काम त्याच्यामागे झालं. त्याच्या इच्छापत्रातल्या पैशांवर देखरेख होती बायकोची. बिलं तपासायला पाशा नव्हता, मिहरिमाह होती, आणि तिचा हात नवऱ्यासारखा आखडता नव्हता. माझं आपलं मत असं, की या मशिदीला खरं तर तिचंच नाव शोभलं असतं.

तिच्या नावाच्या दोन मशिदी आहेतच म्हणा, एक उस्कुदारला, दुसरी एदिर्नेकापीला, दोन्ही सिनानच्याच. गाईड मंडळी त्यावर एक गोष्ट रंगवून सांगतात की सिनानचं तिच्यावर मनातल्या मनात प्रेम होतं, म्हणून तिच्या वाढदिवशी एका मशिदीमागे सूर्य मावळतो आणि दुसरीच्या मागून चंद्र उगवतो. ऐकायला गोड आहे. कागदोपत्री पुरावा शून्य.

शत्रूंनी केलेली बेरीज

१५५३ मध्ये सुलेमाननं आपला थोरला मुलगा मुस्तफा याला लष्करी छावणीत गळा आवळून मारवलं. मुस्तफा हुर्रेमचा नव्हता, दुसऱ्या बायकोचा होता. सैन्याचा तो अतिशय आवडता. सैनिक खवळले आणि सगळ्यांनी बोट दाखवलं रुस्तमकडे: सासू आणि जावयानं मिळून हा काटा काढला म्हणे. सुलतानानं लोकक्षोभ शमवायला रुस्तमला घरी बसवलं. दोन वर्षांत पुन्हा बोलावलंही.

पण कवींनी सूड उगवला. अरबी लिपीत प्रत्येक अक्षराला एक अंक असतो, आणि अक्षरांची बेरीज करून साल सांगण्याचा खेळ दरबारी कवींना फार प्रिय. कुणाच्या तरी लक्षात आलं की ‘मक्र-ए-रुस्तम’, म्हणजे रुस्तमचं कपट, या अक्षरांची बेरीज बरोबर ९६० येते. आणि मुस्तफाच्या खुनाचं हिजरी साल? ९६०. मी कागदावर मांडून पाहिली: मीम ४०, काफ २०, रे २००, मग रे २००, सीन ६०, ते ४००, मीम ४०. जुळते की! मुस्तफावर शोककाव्य लिहिणाऱ्या यह्या या कवीनं रुस्तमला इतकं झोडपलं, की पाशा पुन्हा सत्तेवर आल्यावर यह्याच्या नेमणुका गेल्या. पाशा फुलं विकायचा, पण टीका विकत घेत नसे.

टोमॅटो न बघता केलेला टोमॅटो रंग

चला, आता भिंतीजवळ. नाक टाइलपासून वीतभर अंतरावर आणा, हात मात्र मागे बांधून ठेवा.

पांढरी पार्श्वभूमी आहे ती दुधाळ नाही, लख्ख पांढरी आहे. त्यावर काळसर बारीक रेषेनं फुलांचं रेखाटन. आत कोबाल्टचा गडद निळा, तांब्यापासून केलेला फिरोजी. आणि मधूनच एक लाल. हा लाल बघायला लोक जगभरातून येतात. बाकीचे रंग काचेच्या थराखाली सपाट झोपलेले असतात. हा उठून बसलेला असतो. अक्षरशः. खिडकीच्या तिरप्या उजेडात बघितलंत तर लाल पाकळी पृष्ठभागापासून किंचित फुगलेली दिसते, तिच्या कडेला सावलीची केसाएवढी रेघ पडते. कुंचल्याचा फटकारा कुठं जाड बसला, कुठं पातळ झाला, तेही कळतं. एका पाकळीवर तो गर्द, शेजारच्या पाकळीवर किंचित विटका. भट्टीत जाळ जास्त लागला की तो तपकिरीकडे झुकतो. म्हणजे प्रत्येक लाल ठिपका हा भट्टीशी लावलेला जुगार.

हा रंग म्हणजे ‘आर्मेनियन बोल’, लोहाचं प्रमाण भरपूर असलेली माती. आपल्या गेरू-कावेच्या कुळातली म्हणा. औषध म्हणूनही ती वापरत. इतर रंग पाण्यासारखे पातळ लावता येतात; ही माती मात्र दाट लगद्यासारखी थापावी लागते, नाहीतर झिलईत विरून जाते. म्हणून तो उठाव. या टाइल्स जिथं बनत त्या इझनिक गावच्या कारागिरांना हा लाल साधला तो १५५७ च्या सुमारास, टेकडीवरच्या सुलेमानिये मशिदीच्या कामात. म्हणजे रुस्तमच्या मशिदीत तो आला तेव्हा अगदी नवा होता. नवं खेळणं मिळालेल्या पोरासारखा त्यांनी तो सगळीकडे वापरला, आणि बरंच केलं.

युरोपातले जाणकार त्याला टोमॅटो लाल म्हणतात. पण ज्यांनी तो बनवला त्यांनी बहुधा टोमॅटो बघितलाही नसेल. अमेरिकेतून आलेलं ते फळ उस्मानी स्वयंपाकघरात शिरायला अजून पुष्कळ अवकाश होता.

मातीची नव्हे, गारगोटीची

टाइल म्हटलं की आपल्या मनात चिकणमाती येते. इझनिकच्या टाइलमध्ये माती नावापुरतीच. तिचा बहुतेक भाग गारगोटीची बारीक पूड, त्यात काचेचा चुरा आणि चिमूटभर पांढरी माती. गारगोटीमुळे अंग कडक आणि पांढरं होतं. पण हे मिश्रण हट्टी असतं: मळताना एकजीव होत नाही, वाळताना वाकडं होतं. त्याची चौकोनी फळी, साधारण २५ सेंटिमीटर बाजूची, सरळ ठेवणं हीच मोठी कला. मग वर आणखी पांढरा लेप, त्यावर चित्र, त्यावर शिशाची पारदर्शक झिलई, आणि भट्टी.

एवढा खटाटोप कशासाठी? चीनसाठी! सुलतानाच्या तोपकापी राजवाड्यात चिनी निळ्या-पांढऱ्या भांड्यांचे ढीग होते आणि दरबाराला तशीच झळाळी घरच्या मालात हवी होती. खरी चिनी पोर्सिलीन जमली नाही, पण नक्कल करता करता भलतंच काहीतरी स्वतःचं हाती लागलं.

इझनिक हे तळ्याकाठचं लहानसं गाव. जुनं नाव निकाया. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात हे नाव मोठं, कारण इसवी सन ३२५ मध्ये साऱ्या बिशपांची पहिली मोठी परिषद तिथं भरली. पाद्र्यांना गाव ठाऊक आहे श्रद्धेच्या त्या जाहीरनाम्यामुळे, आणि टाइलवेड्यांना भट्ट्यांमुळे.

एवढे ट्यूलिप, तेवढे ट्यूलिप

या मशिदीत टाइल्सचे ऐंशीच्या आसपास वेगवेगळे नमुने आहेत असं सांगतात. मी मोजत बसले नाही. दहाबाराच्या पुढे डोळे फिरतात. नुसता ट्यूलिपच किती परींनी काढलाय! सडपातळ, कट्यारीच्या पात्यासारख्या टोकदार पाकळ्यांचा, हॉलंडच्या गुबगुबीत ट्यूलिपपेक्षा अगदी निराळा. कधी लाल ठिपक्यांचा, कधी निळा, कधी एका पाकळीत दुसरं फूल उमललेलं. सोबतीला कार्नेशन, गुलाब, हायसिंथ, डाळिंबं, लांब दातेरी पानं, आलुबुखाराच्या मोहराच्या फांद्या. मिहराबाच्या भागात फुलदाण्यांतून फुलं वर चढतात.

या फुलवेडामागे राजवाड्याच्या चित्रशाळेतला करा मेमी हा कलावंत आहे. त्याच्या आधी दरबारात तबरीझहून आलेल्या शाह कुलीची चलती होती. त्याची पानं तलवारीसारखी वळणारी, फुलं कल्पनेतली. करा मेमी त्याचाच शिष्य, पण यानं बागेत उगवणारी, ओळखता येणारी फुलं कागदावर आणली. चित्रशाळेतले नमुने इझनिकला जायचे, तिथं टाइलवर उतरायचे. त्याच चित्रशाळेचे नमुने रेशमावर आणि हस्तलिखितांच्या कडांवरही. एकदा नजर बसली की तोपकापीतल्या एखाद्या कफ्तानावर मशिदीतलंच फूल सापडतं.

आणि हो, तो चुगलखोर वकील बुसबेक आठवतोय? पाशाचे गुलाब विकण्याचे उद्योग ज्यानं लिहून ठेवले तो? एदिर्नेहून इस्तंबूलला येताना त्यानं रस्त्याकडेला ट्यूलिप बघितले, आणि युरोपात ट्यूलिपचे कंद पोचवण्याचं श्रेय परंपरेनं त्यालाच देतात. पुढे ते हॉलंडला गेले आणि १६३७ मध्ये तिथला कंदांचा सट्टा कोसळला. फुलांतून पैसा काढायचा धडा डचांनी रुस्तमकडून घ्यायला हवा होता. त्यानं निदान तोटा केला नाही.

डावीकडे थांबा

घाईघाईनं आत जाऊ नका. मुख्य दाराच्या डाव्या हाताला ओवरीत एक मोठा फलक आहे, त्याचे रंग बाकीच्या मशिदीशी फटकून आहेत. राखट हिरवा, वांग्याच्या सालीसारखा गडद जांभळा. हे लालच्या आधीच्या पिढीचे रंग. म्हणजे दाराबाहेर कालची फॅशन, आत आजची. बहुतेक लोक बूट काढण्याच्या गडबडीत त्याच्याकडे पाठ करून उभे असतात.

तिथंच आणखी एक उद्योग करता येतो: ठिगळं शोधणे. काळाच्या ओघात काही टाइल्स फुटल्या, पडल्या, चोरीलाही गेल्या. दुरुस्ती करणाऱ्यांनी हाताला येईल ती टाइल रिकाम्या जागी बसवली. त्यामुळे नीट बघितलं तर वेलीची फांदी एका टाइलपाशी तुटते, शेजारी भलत्याच नमुन्याचं अर्धं पान सुरू होतं. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे काम द्या, तासभर गप्प राहतील.

सिनानची रंगीत तालीम

खरं तर सिनान टाइल्सच्या बाबतीत हात राखणारा माणूस. सुलेमानियेसारख्या अवाढव्य मशिदीत त्यानं त्या फक्त किब्ल्याच्या, म्हणजे मक्केकडच्या भिंतीपुरत्या ठेवल्या. इथं मात्र सज्जापर्यंत, खांबांवर, बाहेरच्या भिंतीवर, सगळीकडे. पुन्हा असं त्यानं कधी केलं नाही. काही अभ्यासकांना ही गर्दी खटकते. जरा जास्तच झालंय असं त्यांना वाटतं. मला पटतं ते. आत गेल्यावर पहिली काही मिनिटं डोळ्यांना टेकायला जागा सापडत नाही. मग नजर एका टाइलवर लावायची आणि बाकीच्यांना थांबायला सांगायचं.

घुमटाकडे बघायचं विसरू नका. व्यास साधारण १५ मीटर, आणि तो आठ आधारांवर तोललेला. हाच आठ खांबांचा डाव सिनाननं पुढे एदिर्नेच्या सेलिमिये मशिदीत मांडला, पण दुप्पट आकारात. तिथला घुमट ३१ मीटरच्या वर आहे. बाजारातल्या या छोट्या मशिदीत त्यानं हात बसवून घेतला असावा.

सेलिमियेतही एक ट्यूलिप आहे, टाइलवर नाही, संगमरवरी खांबावर कोरलेला, आणि उलटा. जमीन द्यायला आढेवेढे घेणाऱ्या कुणा उलट्या डोक्याच्या मालकाची ही आठवण, अशी दंतकथा आहे.

इकडे रुस्तम, तिकडे मुलूख मैदान

रुस्तम पहिल्यांदा वजीर असताना, १५४९ मध्ये, आपल्या अहमदनगरला निजामशाहीत एक तोफ ओतली गेली. मुलूख मैदान. ओतणारा कारागीर होता रूमी, म्हणजे उस्मानी मुलखातला तुर्क. ती तोफ आज विजापूरच्या बुरुजावर आहे. इस्तंबूलचं कसब त्या काळी टाइल्सच्या रूपानं नाही, पण तोफेच्या रूपानं आपल्या दख्खनपर्यंत पोचलं होतं. अहमदनगरकरांनी हे सांगायची संधी सोडू नये.

खाली कॉफीचा घमघमाट

अंगणातून उतरताना नाकात कॉफी शिरते. मसाल्याच्या बाजाराच्या कोपऱ्यावर १८७१ पासूनचं कुरुकाहवेजी मेहमेत एफेंदी हे दुकान आहे, दिवसभर रांग असते. पण या गल्ल्यांचं आणि कॉफीचं नातं त्याहून फार जुनं. इतिवृत्तकार पेचेवी सांगतो की इस्तंबूलचं पहिलं कॉफीघर १५५४–५५ च्या सुमारास याच तहताकालेत निघालं. एक भागीदार अलेप्पोचा हकम, दुसरा दमास्कसचा शम्स. म्हणजे मशिदीचा पाया घातला गेला तेव्हा आसपास लोक कॉफी पीत पाशाच्या नावानं बोटं मोडत बसले असणार. मौलवींना हे अड्डे अजिबात आवडले नाहीत. मशिदी ओस पडतात अशी त्यांची तक्रार. मशीद एका मजल्यावर आणि कॉफी दुसऱ्या मजल्यावर असा तोडगा त्यांना सुचला नसावा.

माल इझनिकचा, नाव ऱ्होड्सचं

१८६०–७० च्या दशकांत पॅरिसच्या क्लुनी संग्रहालयानं ऱ्होड्स बेटावरून इझनिकची पाचशेच्या वर भांडी विकत घेतली. मग काय, माल ऱ्होड्सचा असं ठरलं आणि युरोपभर लाल फुलांच्या या भांड्यांना ‘ऱ्होडियन’ म्हणू लागले. जांभळ्या-राखट हिरव्या मालाला नाव पडलं ‘दमास्कस’. दोन्ही चूक. १९६० च्या दशकात इझनिकला उत्खनन झालं, भट्ट्या निघाल्या, बिघडलेल्या मालाचे तुकडे निघाले आणि पाट्या बदलाव्या लागल्या.

भाव गोठले, भट्ट्या विझल्या

ब्लू मॉस्कला (बांधकाम १६०९ ते १६१६) वीस हजारांहून जास्त टाइल्स लागल्या. ऑर्डर मोठी, पण दर सरकारी. महागाई वाढत गेली, टाइलचे भाव मात्र दरबारानं जिथल्या तिथं ठेवले. कारागिरांनी मग तेच केलं जे अशा वेळी सगळे कंत्राटदार करतात. लाल तपकिरी झाला, पांढरा मळका, रेषा फिसकटलेली. प्रवासी एव्लिया चेलेबी लिहितो की आधी इझनिकला तीनशे भट्ट्या होत्या, आणि १६४८ मध्ये उरल्या होत्या नऊ. पुढे त्याही गेल्या आणि त्या लालाचं गणित कारागिरांबरोबर संपलं. १९९३ मध्ये इझनिकला एक प्रतिष्ठान स्थापन झालं आणि गारगोटीची टाइल नव्यानं बनायला लागली. महाग आहे, पण मसाल्याच्या बाजारात मिळणाऱ्या छापील बशांशी तिची तुलना करू नका.

जाण्याआधी एवढं बघा

नमाजाच्या वेळा टाळा, शुक्रवारची दुपार तर नक्कीच. बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यावी, सगळ्यांनी गुडघे झाकावेत, बूट पिशवीत. तिकीट नाही. ट्रायपॉड पसरून नमाज पढणाऱ्यांच्या तोंडासमोर उभं राहू नये, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

रुस्तमची कबर इथं शोधू नका. ती शहजादे मशिदीच्या आवारात आहे. आणि मिहरिमाह? ती नवऱ्याजवळ नाही, सुलेमानियेला वडिलांच्या कबरीच्या इमारतीत, त्यांच्या शेजारी आहे.

दातांचा डॉक्टर आणि टाइलची कवळी

इझनिकचं वेड लागलंच तर आया सोफियाच्या आवारात सुलतान दुसऱ्या सेलीमच्या कबरीची इमारत बघा. सेलीम हा सुलेमान आणि हुर्रेमचा मुलगा, म्हणजे आपल्या रुस्तमचा मेव्हणा. बांधकाम पुन्हा सिनानचंच. दाराच्या दोन्ही बाजूंना टाइल्सचा एकेक उंच फलक आहे, लांबून जुळे वाटतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इस्तंबुलात अल्बेर दोरिन्यी नावाचा फ्रेंच दंतवैद्य होता, पुराणवस्तूंचा शौकीन. त्यानं डागडुजी करून आणतो म्हणून डावीकडचा फलक उतरवून फ्रान्सला नेला. परत आला तो हुबेहूब फलक, भिंतीवर लागलाही. तो फ्रान्समध्ये बनवलेला नकली होता. अस्सल १८९५ मध्ये लुव्र संग्रहालयात जमा झाला आणि आजही तिथंच आहे. तुर्कस्ताननं परत मागितला. लुव्रचं म्हणणं, आम्ही तो रीतसर घेतला आहे. कबरीपाशी ही सगळी हकीकत सांगणारी पाटी लावलेली आहे. पाटी नंतर वाचा. आधी दोन्ही फलकांसमोर उभं राहून उजवीकडचा लाल आणि डावीकडचा लाल ताडून बघा. रुस्तम पाशाच्या मशिदीत तासभर घालवला असेल तर अस्सल कुठला ते पाटीआधीच कळेल.